गुलाबांमागची ओल

माझ्या लहानपणी पुण्यात प्रत्येकाच्या हॉलमध्ये एक सीनरी असायची. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवलेलं पोस्टर. गवताने शाकारलेलं बुटकं घर, दाराभोवती गुलाब, पुढे ओढा, ओढ्यावर लाकडी पूल, आणि डोळे दुखतील इतकी हिरवळ. आमच्याकडेही होती, सोफ्याच्या वर. पाहुणे विचारायचे, "लंडन का हो?" आणि वडील सांगायचे, "लंडनच्या जरा बाहेर." जणू स्वतः जाऊन बघून आले होते. त्या चित्रात माणूस नव्हता. दोरीवर वाळत घातलेलं एक फडकंही नव्हतं. ते घर कोण झाडतं, ते छप्पर गळतं का, ओढ्याचं पाणी वर आलं की घरातले कुठे जातात, असे प्रश्न आमच्यापैकी कुणाला कधी पडले नाहीत.

पुढे डिस्टेंपर लावताना लोकांनी ती सीनरी खरवडून काढली, पण ती फक्त भिंतीवरून गेली. मी बरीच वर्षं आयर्लंडमध्ये आहे, डब्लिनजवळ मेनूथला राहते, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. आजूबाजूला आपली माणसं आहेत: सरकारी इस्पितळांतले डॉक्टर, कारखान्यांतले इंजिनिअर, विद्यापीठातले संशोधक. यातले निम्मे चार दिवसांची सुट्टी मिळाली की विमान पकडून इंग्लंडमधल्या कुठल्यातरी खेड्यात जातात, गुलाबाच्या कमानीखाली उभे राहतात आणि फोटो टाकतात. खाली लिहितात, "स्वप्न पूर्ण झालं." ज्या देशाचा पगार खातो त्या देशातल्या गावांचं त्याच इंग्लंडने काय केलं होतं, हे विचारायला मात्र कुणाला वेळ नसतो.

आमचा एक वाचनकट्टा आहे. दर महिन्याला एकेकाच्या घरी जमायचं, ठरवलेल्या पुस्तकावर बोलायचं. कट्ट्याची एक प्रथा आहे आणि तिचा सगळ्यांना फार अभिमान आहे: खाणं पुस्तकाला साजेसं असलं पाहिजे. रशियन कादंबरी असली की बिटाचं सूप, दुष्काळावरची असली तरी काहीतरी "गावरान", म्हणजे पिठलं-भाकरी, ठेचा आणि वर तुपाची धार. दुष्काळावर आम्ही दोन तास बोललो तेव्हा तिघांनी दुसऱ्यांदा पिठलं वाढून घेतलं होतं. पुस्तक वाचून झाल्यावर चवीची आठवण राहते, असं आमच्या वहिनी म्हणतात. पुस्तकाचं काय राहतं ते त्या सांगत नाहीत.

वहिनी म्हणजे कट्ट्याच्या सूत्रधार, सगळ्यांच्याच वहिनी. त्यांचे यजमान हाडांचे डॉक्टर. महाराष्ट्रात शिकले, इथल्या इस्पितळात बरीच वर्षं काढली, आता मोठ्या हुद्द्यावर आहेत. वहिनींचं ऑफिस डब्लिन शहरात, बॉल्सब्रिजला. आधी तिथेच फ्लॅटमध्ये राहायचे. मग डॉक्टरांच्या डोक्यातल्या सीनरीने उचल खाल्ली आणि त्यांनी मेनूथच्या पलीकडे, शेतांच्या मधोमध, एक जुनं दगडी घर घेतलं. कधीकाळी एका इंग्रज जमीनदाराच्या कारभाऱ्याचं घर होतं ते. डॉक्टर हे अभिमानाने सांगतात. कारभारी म्हणजे भाडं वसूल करणारा आणि ज्यांनी दिलं नाही त्यांना बाहेर काढणारा माणूस, हे मला माझ्या शेजारच्या आयरिश आजींनी सांगितलं. त्या म्हणाल्या, या भागात अजून अशी माणसं आहेत जी त्या फाटकातून आत पाऊल टाकत नाहीत. डॉक्टरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "वा, म्हणजे घराला हिस्टरी आहे."

घर घेतल्यावर लॅब्राडोर आला, गुडघ्यापर्यंतचे हिरवे बूट आले, दाराशी गुलाबाची कलमं आली. शेती करायला नाही, चिखलात उतरायला नाही. रविवारी फोटो काढायला. त्यांची मुलगी म्हणायची, "डॅड, यू लुक लाइक युअर मॅन फ्रॉम द टेली," म्हणजे टीव्हीवरच्या त्या माणसासारखा दिसतोस, आणि डॉक्टरांना ते कौतुक वाटायचं.

त्या घराच्या फाटकापाशी एक गेट लॉज आहे. दोन खोल्यांचं, जुन्या काळी फाटक उघडणाऱ्या माणसाचं घर. तिथे आमच्या कट्ट्यातलीच एक मुलगी राहायची. नांदेडकडची, मेनूथ विद्यापीठात पीटच्या, म्हणजे इथल्या जळाऊ मातीच्या, दलदलींवर पीएचडी करणारी. मेनूथमध्ये खोली मिळणं किती कठीण आहे ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. एकेका खोलीसमोर रांग लागते, आणि तिच्याबरोबरचे दोघे तर मित्रांच्या सोफ्यावर राहून संशोधन करत होते. डॉक्टर आणि वहिनींनी तिला लॉज दिलं तेव्हा सगळ्यांनी त्यांना मोठ्या मनाचे ठरवलं. भाडं थोडंसं. बाकी शनिवारी मुलांना मराठी शिकवायचं, कुत्र्याला फिरवून आणायचं, कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायचे, घरी कुणी नसताना सामान घेऊन आलेल्यांना फाटक उघडून द्यायचं. लिहून काही ठेवलं नव्हतं. "आपल्यातलीच आहे, आपल्यात कसला करार," असं डॉक्टर म्हणाले होते, आणि तिने मान डोलावली होती. ही चूक फक्त आपली माणसंच करतात. गोऱ्या घरमालकाकडे आपण पहिल्या दिवशी वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीचीसुद्धा अट लिहून घेतो.

तर कट्ट्यावर पुढचं पुस्तक सुचवायची पाळी माझी आली. मी मुद्दाम, अगदी दात ओठ खाऊन, एक इंग्रजी कादंबरी निवडली. इंग्लंडमधल्या खेड्याचीच. मुखपृष्ठावर गुलाबांनी वेढलेलं घर होतं म्हणून ती एकमताने पास झाली. आत काय आहे ते बघायची तसदी कुणी घेतली नाही, आणि मला तेच हवं होतं.

कादंबरी शेतमजुराच्या कुटुंबाची आहे. घर जहागिरीचं. जोवर बाप शेतावर राबतो तोवर घर, राबणं थांबलं की घर सोडायचं. दाराभोवतीचे गुलाब बायकोने लावलेले, कारण त्या भिंतीला ओल येते आणि जमीनदारीणबाईंना ओल बघायला आवडत नाही. मुलं सलगम उकडून खातात. बाप मळणीच्या यंत्रात सापडून मरतो. पाद्र्याची बायको सांत्वनाला सूप घेऊन येते आणि जाता जाता बोलण्याच्या ओघात सांगते की पुढच्या हंगामाला नवा मजूर येणार, त्याला घर लागेल. विधवा दारात खुर्ची टाकून बसते. उठत नाही. शेवटी दोन माणसं तिला खुर्चीसकट उचलून रस्त्यावर ठेवतात. नवा मजूर येतच नाही. घर रिकामं पडतं, आणि शहरातून एक चित्रकार येऊन त्याचं चित्र काढतो. गुलाबांसकट. चित्रात माणूस नसतो.

ते शेवटचं पान वाचून मी ऑफिसच्या कँटीनमध्ये नुसती बसून राहिले होते. आमच्या हॉलमधली सीनरी कुठून आली ते मला तेव्हा कळलं. मजूर गरीब होते, हे इतिहासाचं पुस्तकही सांगतं आणि आपण मान डोलावतो. कादंबरी त्या ओल्या भिंतीला पाठ लावून झोपायला लावते. मला वाटलं, हे वाचल्यावर आमची माणसं तरी गुलाबाखाली फोटो काढताना जरा लाजतील. माझी अक्कल.

कट्टा यावेळी डॉक्टरांच्याच घरी होता. ग्रुपवर आधी सूचना आली: "सर्वांनी फुलाफुलांचे कपडे घालावेत, इंग्लिश समर टी आहे." गेले तर बागेत टेबलं मांडलेली. काकडीची सँडविचेस, तिमजली थाळीत स्कोन, त्यावर साय आणि स्ट्रॉबेरीचा जॅम, गुलाबाच्या चित्रांचे कप. जिच्या मुलांना सलगमाच्या पाण्यावर झोपावं लागतं तिच्या नावाने ही सगळी मांडामांड. मी एक पातेलं भरून सलगम उकडून नेले होते, फक्त मीठ घालून. वहिनींनी झाकण उघडून बघितलं.

"हे काय गं?"

"पुस्तकाला साजेसं," मी म्हटलं.

"अगं किती ऑथेंटिक!" म्हणून त्यांनी पातेल्याचा फोटो काढला, स्कोनच्या शेजारी ठेवून. मग कुणी त्याला हात लावला नाही. फक्त ती मुलगी आली आणि वाटीत घेऊन खाल्लं. "आमच्याकडे याची भाजी करतात, ताई," ती म्हणाली, "पण हेही चालेल."

कट्ट्यावर दरवेळी कुणीतरी एक उतारा मराठीत करून वाचतं. वहिनींनी यावेळी तिला सांगितलं होतं, कारण तिचा आवाज चांगला आहे. तिने खुर्चीचा उतारा निवडला. सरळ वाचला, नाटक न करता. दोन माणसं वाकतात, एक जण बाईला म्हणतो, माफ करा, आम्हाला सांगितलंय म्हणून. बाई खुर्चीचे हात घट्ट धरते. वाचून झालं तेव्हा वहिनींनी डोळ्यांना रुमाल लावला होता. पार कॉर्ककडच्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यातून खास गाडी चालवत आलेल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. डॉक्टर म्हणाले, "टू गुड. व्हेरी मूव्हिंग, यार." मला क्षणभर खरंच वाटलं की माझं पुस्तक पोचलं.

मग चहा ओतताना डॉक्टर उभे राहिले. त्यांना एक अनाउन्समेंट करायची होती.

"हे पुस्तक वाचूनच सुचलं," ते म्हणाले. "आपलं ते गेट लॉज आहे ना, त्याचं आपण रीडिंग कॉटेज करतोय. कट्ट्यासाठी. दाराभोवती गुलाब, आत फायरप्लेस, जुनी लाकडी खुर्ची. एक्झॅक्टली पुस्तकातल्यासारखं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चेष्टा करत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "किती छान कल्पना," "फुल्ल माहोल होईल," "क्रॅक होईल एकदम," म्हणजे इथल्या बोलीत धमाल. कुणीतरी विचारलं की गवताचं छप्पर इथे मिळतं का. मी त्या मुलीकडे बघितलं. तिच्या हातात सलगमाची वाटी होती आणि ती डॉक्टरांकडे बघत होती. तिला हे आत्ताच कळत होतं, आमच्याबरोबर.

"मग ही कुठे जाणार?" मी विचारलं.

टाळ्या थांबल्या. वहिनी तिच्याकडे वळल्या. "अगं, तुला सांगायचंच होतं, राहून गेलं बघ. काही घाई नाही हां. दिवाळीपर्यंत बघ तू आरामात. आपल्यातलीच आहेस, तू समजून घेशीलच."

"माझा प्रबंध मार्चमध्ये द्यायचा आहे," ती म्हणाली. "वहिनी, दिवाळीला मला मेनूथमध्ये कुठे खोली मिळणार? मार्चपर्यंत मी इथेच राहते."

"बेटा, कामगार बुक केलेत," डॉक्टर हसत म्हणाले.

"मी भाडं देते, डॉक्टर. मी भाडेकरू आहे. मार्चपर्यंत राहीन."

आवाज चढवला नव्हता तिने. पण "भाडेकरू" हा शब्द जणू शिवी असल्यासारखे सगळे थिजले. डॉक्टरांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतलं गेलं. वहिनींनी स्कोनची थाळी उचलून पलीकडच्या टेबलावर नेली. पाच मिनिटांत प्रत्येकाला आपापली मुलं, आपापली पार्किंगमधली गाडी आठवली.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. मी ते मुकाट्याने ऐकले कारण मला बघायचं होतं, माणूस किती खाली जाऊ शकतो. "उद्धट आहे." "उपकाराची जाण नाही." "मराठवाड्यातली ना, बोलायची पद्धतच तशी." "एवढं घर दिलं, आणि वर भाडेकरू म्हणते." कट्ट्यातल्या प्रत्येकाकडे तीन-चार बेडरूमचं घर आहे. आई-वडील येणार आहेत, ऑफिसची खोली आहे, पाहुण्यांची खोली आहे, ट्रेडमिलची खोली आहे. पण त्या मुलीसाठी खोली आहे असं कुणी म्हणालं नाही. मी एकदोघांना सरळ विचारलं, तेव्हा त्यांना फोनचं नेटवर्क मिळेना.

एक बाई तर मला म्हणाल्या, "पुस्तकातली ती बाई बघ. काय ग्रेस होती तिच्यात. चुपचाप निघून गेली."

"ती निघून गेली नाही," मी म्हटलं. "तिला खुर्चीसकट उचलून नेलं."

"हो का?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं ती मुलांचा हात धरून संध्याकाळी निघून जाते. किती सुंदर सीन आहे तो."

असा सीन त्या पुस्तकात नाही. ज्या उताऱ्यावर यांनी डोळे पुसले तोच यांनी पुसून टाकला होता आणि त्या जागी सीनरी लावली होती. मला इतका संताप आला की मी फोन ठेवून स्वयंपाकघरातलं प्रेस, म्हणजे कपाट, उघडलं आणि उगाचच सगळे डबे खाली काढून पुन्हा लावले. नवरा म्हणाला, तू पुस्तकं सुचवणं बंद कर. तो कट्ट्याला कधी येत नाही, त्यामुळे त्याची प्रकृती उत्तम आहे.

डॉक्टर आणि वहिनींनी तिला काही म्हटलं नाही. आपली माणसं तोंडावर काही म्हणत नाहीत. मुलांना शनिवारी अचानक हर्लिंगच्या खेळाचा सराव लागला, त्यामुळे मराठी बंद. वहिनींचा अधूनमधून येणारा डबा बंद. कुत्रा आता वहिनीच फिरवायच्या, लॉजच्या खिडकीवरून, दुसरीकडे बघत. तिला ग्रुपमधून कुणी काढलं नाही; एक नवा ग्रुप झाला, त्यात ती नव्हती. आणि लॉजच्या दाराशी फरशा, रंगाचे डबे आणि गुलाबाची बारा कलमं आणून ठेवली गेली, अशी की तिला सायकल आडवी करून आत शिरावं लागे. हे सगळं बघून मी ठरवलं. आमच्याकडे वरच्या मजल्यावर एक लहान खोली आहे, इस्त्रीची. मी टेबल हलवलं, पडदे धुतले, नवऱ्याला पलंग जोडायला लावला. मग रविवारी सकाळी गाडी काढून लॉजवर गेले. खरं सांगायचं तर मला मनातून फार बरं वाटत होतं. बाकीच्यांच्या नाकावर टिच्चून मी एकटी काहीतरी करणार होते.

तिने दार उघडण्याआधी खिडकीतून बघितलं. आत हीटरवर मोजे वाळत होते, टेबलावर लॅपटॉप आणि दलदलीतल्या मातीच्या नमुन्यांच्या नळ्या. पलंगामागच्या भिंतीवर छतापासून खाली ओल उतरली होती, नकाशासारखी. तिने आल्याचा चहा केला. मी कप हातात घेतला आणि सांगितलं की खोली तयार आहे, आजच चल, मी गाडी घेऊनच आले आहे.

तिला बरं वाटलेलं दिसलं. मग ती म्हणाली, "ताई, मी चौकशी केली. करार लिहिलेला नसला तरी मी भाडेकरूच आहे. त्यांना रीतसर नोटीस द्यावी लागेल, आणि तिची मुदत असते. तोवर मला कुणी काढू शकत नाही."

"अगं पण इथे कशाला राहतेस? या ओलीच्या वासात, या लोकांच्यात? आमच्याकडे तुला काही त्रास नाही."

"भाडं किती, ताई?"

"भाड्याचं काय," मी म्हटलं. "ते नंतर बघू. आपल्यातलीच तर आहेस."

तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, बरंचसं दमून. मला वाटतं त्या बागेत डॉक्टरांकडेही तिने असंच बघितलं होतं.

"भाड्याचं आधी बघायचं असतं, ताई," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे तशीच आले, तर उद्या तुमच्याकडे कुणी यायचं झालं की मला समजून घ्यावं लागेल. मला आता कुणाचं काही समजून घ्यायचं नाहीये. मार्चपर्यंत एक खोली हवी आहे, बस."

मला राग आला. डॉक्टरांच्या पंगतीला तिने मला बसवलं म्हणून आला. मी पडदे धुतले होते, नवऱ्याशी भांडले होते. जिभेवर आलं होतं की मी त्यांच्यातली नाही. पण ते सिद्ध करायला माझ्याकडे पातेलंभर सलगमापलीकडे काही नव्हतं. मी कप खाली ठेवला आणि भाड्याचा आकडा सांगितला.

तिने तो ऐकला. मग विचारलं, खोलीला आतून कडी आहे का, स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत वापरता येईल, आणि मी काढायचं म्हटलं तर किती आधी सांगणार. मी एकेकाचं उत्तर दिलं. माझ्याच घराबद्दल मला इतकं काही ठरवावं लागेल असं वाटलं नव्हतं.

"लिहून द्याल?" तिने विचारलं.

"देईन," मी म्हटलं.

"मग मी विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि मला फाटकापर्यंत सोडायला आली.